दस्तगीर वस्तादांची कोरी पाटी

“आणि हे दुकान कुठं हाय म्हणालीस?”

शाल्मलीनं उत्तर देण्याआधी एक मोठा श्वास घेतला. वस्तादांनी हाच प्रश्न आतापर्यंत सहा वेळा विचारला होता. तिच्या कामाचं पान उलटलं की प्रश्न तोच.

“कुठंच नाही, चाचा. हे पण काल्पनिकच आहे.”

“बरं...”

पुढचं पान. त्यावर एका हॉटेलाची पाटी, सोनेरी अक्षरांत.

“आणि हे?”

“काल्पनिक.”

“मग गिऱ्हाईक काय म्हणालं?”

जे हॉटेलच नाही त्याचं गिऱ्हाईक काय म्हणणार?

शाल्मली उपाध्ये मूळची सांगलीची. पुण्याच्या एका डिझाइन कॉलेजात चार वर्षं काढून, वर्गात पहिली येऊन ती जूनमध्ये घरी परतली होती. त्यानंतर तिनं नोकरीसाठी त्रेसष्ट ठिकाणी अर्ज पाठवले. बहुतेकांनी उत्तर द्यायचीही तसदी घेतली नाही. दोघांनी मुलाखतीला बोलावलं, कामाची पानं भराभर उलटली, ‘कळवतो’ म्हणाले आणि काही कळवलं नाही.

आता तिसरी मुलाखत सोमवारी होती. तीही हातची गेली तर हा नाद सोडून बी.एड.चा फॉर्म भरायचा, असं तिनं आईला कबूल केलं होतं. कबूल केल्यापासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

तिच्या कॉलेजातल्या एका सरांनी फोनवर तिची सगळी रडकथा ऐकून घेतली आणि एवढंच सांगितलं, की तुझी ती कामाच्या पानांची पेटी उचल आणि कुरुंदवाडला दस्तगीर पेंटरांना दाखवून ये.

शाल्मलीला ते झोंबलं. आपण पदवीधर, आणि पाट्या रंगवणारा माणूस आपली परीक्षा घेणार! पण सरांचा शब्द मोडवेना. गुरुवारी सकाळी ती काळी पेटी छातीशी धरून एसटीत बसली.

वस्तादांची पत्र्याची शेड स्टँडच्या मागच्या बाजूला होती. वय चौऱ्याहत्तर. फ्लेक्स आल्यापासून दुकानदारांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली होती, पण नदीतल्या होड्यांची नावं, उसाच्या ट्रॉल्यांचे मागचे फळे आणि देवळातल्या देणगीदारांच्या याद्या अजून त्यांच्याच हातच्या असत. हाताखाली शिकून गेलेली माणसं दोन जिल्ह्यांत पसरलेली. बोलायचे कमी आणि हसायचे जास्त.

आता मात्र ते हसत नव्हते. एका पानावर बोट ठेवून थांबले होते. पोस्टर होतं ते, खाली इंग्रजी लिपीत बारीक अक्षरांच्या आठ ओळी.

“मला हे येत न्हाई. वाच जरा.”

शाल्मलीनं वाचलं. “लोरेम इप्सम डोलोर सिट अमेट...”

वस्ताद मान खाली घालून आदरानं ऐकत राहिले. आतून चहा घेऊन आलेल्या अमीनाचाची दारातच थबकल्या. त्यांनी हळूच विचारलं, “दुवा हाय व्हय कसली?”

“नाही चाची. तो... तात्पुरता मजकूर असतो. त्याला अर्थ नसतो. खरा मजकूर मिळेपर्यंत जागा भरायला घालतात. सगळेच घालतात.”

“आणि खरा कधी मिळाला?” वस्तादांनी विचारलं.

शाल्मलीनं चहाचा कप उचलला.

वस्तादांनी पेटीतली सगळी पानं पुन्हा पहिल्यापासून पाहिली. अठ्ठेचाळीस पानं, चौदा दुकानं आणि जिथं तिथं त्याच आठ ओळी. मग ते खुदकन हसले. एसटीत जागा धरायला खिडकीतून रुमाल टाकतात ना, तसं म्हण की, असं म्हणाले. पुन्हा एकदा पेटीकडे पाहिलं.

“सगळ्या गाडीत रुमालच हायत की गं. बसलंय कोण?”

अमीनाचाची तोंडाला पदर लावून आत पळाल्या. शाल्मलीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चार वर्षं रात्रीचा दिवस करून केलेलं काम होतं ते, आणि शिक्षकांनी त्यातल्या प्रत्येक पानाला दाद दिली होती.

“चाचा, चुकलंय काय ते सांगा. म्हणजे मी सोमवारपर्यंत दुरुस्त करीन.”

“चुकलं काय सुदिक न्हाई.”

“मग?”

“कुणाच्या कामाला आलंच न्हाई. चुकंल कसं?”

तिला उठून सांगलीची गाडी धरावीशी वाटली. पण गाडीला अजून तास होता, म्हणून ती बसून राहिली. नशीब असं एखाद्या तासावर बेतलेलं असतं.

त्या तासात कमल मोहिते आल्या. चाळिशीच्या, सावळ्या, बोलताना समोरच्याच्या चपलांकडे बघणाऱ्या. बारा वर्षं घरात बसून त्यांनी बॅगांच्या, पर्सच्या आणि जर्किनच्या बिघडलेल्या चेन नीट करून दिल्या होत्या. आता स्टँडसमोर एक टपरी मिळाली होती आणि पाटी हवी होती. पाटीवर काय लिहायचं ते त्यांनी भाच्याकडून कागदावर उतरवून आणलं होतं. एकूण अकरा ओळी. वर कुलदैवत, मग ‘मोहिते बॅग अँड चेन रिपेअरिंग सेंटर’, मग प्रोप्रायटरचं नाव, मग कामांची यादी, शेवटी ‘एक वेळ अवश्य भेट द्या’.

शाल्मलीचे हात शिवशिवले. खरं गिऱ्हाईक आयतं समोर उभं होतं. तिनं लॅपटॉप उघडला आणि वीस मिनिटांत पाटी तयार केली. चेनच्या दातांचा नाजूक वेल, त्याला पानं, पानांच्या मधोमध त्या अकरा ओळी.

कमलताई हरखून गेल्या. “अगं बाई, लग्नपत्रिकाच जणू.”

ही स्तुती होती की काय, ते शाल्मलीला ठरवता येईना. तिनं वस्तादांकडे पाहिलं.

“झ्याक हाय,” वस्ताद म्हणाले. आणि कमलताईंना सांगितलं की पाटी उद्या सकाळी लावू.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी लागलीसुद्धा. शाल्मली सांगलीहून पुन्हा आली तेव्हा टपरीवर पांढराशुभ्र रंग दिलेला पत्रा टांगलेला होता. त्यावर एक अक्षर नव्हतं.

“चाचा, ही कोरी आहे.”

“व्हय.”

“लिहायची राहिली?”

“आधी कोरीच टांगायची. एक दिवस. आमच्या वस्तादांनी असंच शिकिवलंय.”

“मग मी काय करू?”

“कमलबाईच्या शेजारी बस. मी रस्त्यापल्याडनं बघतो.”

“बसून काय करायचं?”

वस्ताद तोवर रस्ता ओलांडूनही गेले होते. पलीकडे चहाच्या गाड्याजवळच्या बाकड्यावर बसून त्यांनी पाय वर घेतले.

आता कोरी पाटी बघून माणसाला राहवतं थोडंच? त्यात कुरुंदवाडचा माणूस. दहा वाजायच्या आत रांगच लागली. जो तो थांबायचा, वर बघायचा, खाली बघायचा आणि विचारायचा, काय निघतंय इथं?

पहिल्यानं विचारलं तेव्हा कमलताईंनी चपलांकडे बघत ती अकरा ओळींची यादी म्हणायला घेतली. तिसऱ्या ओळीला माणूस निघून गेला. दुसऱ्याला त्यांनी सातच ओळी सांगितल्या. चौथी एक बाई आली, तिला त्या म्हणाल्या, चेनचं काम करते. ती बाई थांबली आणि पर्स चाचपत आणखी काही विचारू लागली.

शाल्मली शेजारी स्टुलावर बसून ऐकत होती. विचारणारे तिलाही सोडत नव्हते. एका निवृत्त हवालदारांनी तिची चौकशी केली, तेव्हा तिनं सवयीनं सांगितलं, “मी व्हिज्युअल कम्युनिकेशन डिझायनर आहे.”

“बरं, बरं...” हवालदार म्हणाले आणि घाईनं भाजी आणायला गेले.

पुढच्या माणसाला तिनं ‘मी डिझाइन करते’ असं सांगितलं. त्याला वाटलं, ब्लाउजचं. त्याच्या पुढच्या आजींना ती म्हणाली, “ह्यांना लोकांना काय सांगायचंय ते मी पाटीवर लिहिणार आहे.” आजी तिथंच टेकल्या आणि अर्धा तास सल्ले देत बसल्या.

दुपारी एक कंडक्टर पळत आला. त्याच्या तिकिटांच्या बॅगेची चेन अधेमधेच अडकली होती आणि गाडी फलाटाला लागली होती.

“ठेवून जावं लागंल काय, वयनी?”

“थांबा की. उभ्या उभ्या देते करून.”

पक्कड, दोन ठोके, मेणाचा एक हात. चेन सर्रकन वरपर्यंत गेली. कंडक्टरनं ती दोनदा उघडून मिटून पाहिली आणि हसत गाडीकडे धावला.

शाल्मली सरळ होऊन बसली. ठेवून जावं लागेल का, हे सकाळपासून तिनं कितीदा तरी ऐकलं होतं. पर्सवाल्या बाईनं विचारलं होतं. जर्किनवाल्यानं विचारलं होतं. आजींनीही जाता जाता विचारलं होतं. चेन बसवणारी आहे, हे ऐकून माणसं नुसती थांबत होती. ‘उभ्या उभ्या’ म्हटलं की हातातली वस्तू पुढे करत होती.

आणि त्या अकरा ओळींत हे कुठंच नव्हतं.

ऊन उतरल्यावर वस्ताद रस्ता ओलांडून आले.

“काय लिवायचं?”

शाल्मलीनं कमलताईंकडे पाहिलं, मग त्या पांढऱ्या पत्र्याकडे.

“चेन अडकली? उभ्या उभ्या नीट करून मिळेल. खाली कमल मोहिते आणि फोन नंबर. बस्स.”

“आणि येल?”

“वेल नको.”

वेल खरंच सुंदर होता.

वस्तादांनी मान डोलावली... आणि ब्रश तिच्या हातात दिला.

शनिवारचा दिवस तिला जन्मभर पुरेल असा होता. पत्र्यावर तेलरंगानं लिहायची तिची पहिलीच वेळ. स्क्रीनवर हुकमात राहणारी अक्षरं इथं घसरत होती, फुगत होती. तीन वेळा ओळ बिघडली. तिन्ही वेळा वस्तादांनी काही न बोलता रॉकेलच्या फडक्यानं पुसून दिली. नंबर मात्र त्यांनी तिला दोनदा मोठा करायला लावला.

‘मिळेल’मधला ‘ळ’ जरा कललाच. शाल्मली फडक्याकडे हात नेऊ लागली, तर वस्तादांनी फडकं बाजूला सरकवलं.

“वाचता येतंय ना?”

“येतंय. पण वाकडा दिसतोय.”

“दिसू दे. उभा तर हाय.”

दुपारी पाटी वर चढली. कमलताई रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं. स्वतःच्या नावाशी आल्यावर तोंड धुवून येते म्हणून त्या टपरीमागे गेल्या आणि बराच वेळ आल्याच नाहीत.

शाल्मलीला भरून आलं. तिचं काम आजवर परीक्षकांनी पाहिलं होतं, मित्रमैत्रिणींनी पाहिलं होतं, पण असं कुणी वाचलं नव्हतं. ती इतकी आनंदात होती की तिची चारची गाडी डोळ्यांदेखत गेली आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

शेडमध्ये परतल्यावर मात्र सोमवार आठवला. वस्ताद ब्रश धूत होते. तिनं काळी पेटी उघडून त्यांच्यापुढे ठेवली.

“चाचा, आता तरी सांगा. यातली किती पानं नेऊ? कुठली आधी दाखवू? ते काय विचारतील?”

वस्तादांनी ब्रश फडक्यावर पुसला. केस न् केस सरळ केला. उजेडात धरून पाहिला. शाल्मली वाट पाहत राहिली...

“जेवून जा,” ते म्हणाले.

तिला राग आला आणि भूकही लागली होती. चाचींनी वाढलेल्या तीन भाकऱ्या तिनं रागारागात संपवल्या. कित्येक दिवसांनी ती पोटभर जेवली होती, हे गाडीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं.

सोमवारी पुण्याच्या त्या ऑफिसात तिघं जण टेबलामागे होते. मधोमध सुनेत्रा रेगे, तिथल्या प्रमुख. पांढरे केस, गळ्यात चष्मा. शाल्मलीनं शेवटी पेटीतली सगळीच पानं आणली होती, कारण कुठली काढावीत ते ठरलंच नाही. तिघांनीही ती पाहिली. भराभर, सभ्यपणे, मान डोलवत. ही मान शाल्मलीच्या चांगली ओळखीची झाली होती. हिच्यापाठोपाठ ‘कळवतो’ येतं.

रेगेबाईंनी पेटी मिटत विचारलं, की अगदी अलीकडचं काही आहे का.

शाल्मली घुटमळली. मोबाईलमध्ये फोटो होता. पण तो ‘ळ’... आणि एकच रंग. आता बी.एड.चा फॉर्म भरावाच लागणार, तर लपवून तरी काय मिळणार, असं मनाशी म्हणून तिनं मोबाईल पुढे केला.

रेगेबाईंनी चष्मा चढवला. फोटो बोटांनी मोठा केला.

“ही खरी आहे?”

“हो. परवाच लागली. कुरुंदवाडला, स्टँडसमोर.”

बाईंनी आणखी काही विचारलं नाही. स्वतःचा फोन घेतला, पाटीवरचा नंबर बघून बघून लावला आणि स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवला. शाल्मलीनं खुर्चीची कड घट्ट धरली.

“हां, बोला,” कमलताईंचा आवाज आला. मागं एसटीचा हॉर्न.

“माझ्या बॅगेची चेन अडकली आहे.”

“घेऊन या की. उभ्या उभ्या करून देते.”

“मी पुण्यात असते हो.”

“मग मेणबत्ती घासा दातांवर आणि हळू मागं वढा. नेट लावू नका. तरीबी न्हाई झालं तर या.”

रेगेबाईंच्या शेजारचे गृहस्थ नकळत स्वतःच्या बॅगेकडे बघू लागले.

“पाटी वाचून फोन केला. कुणी केली?”

“आमच्या शाल्मलीनं. दिसभर शेजारी बसली हुती पोरगी माझ्या. आता ठिवू का बाई? गिऱ्हाईक उभं हाय.”

फोन बंद झाला.

रेगेबाई हसल्या. आधी नुसत्या हसल्या, मग चष्मा काढून डोळे पुसत हसल्या. बाकीचे दोघंही त्यात सामील झाले. शाल्मलीला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही थोडं थोडं केलं.

बाईंनी विचारलेला पुढचा प्रश्न एकच होता. एक तारखेपासून येऊ शकशील का?

मंगळवारी ती बाकरवडीचा पुडा घेऊन कुरुंदवाडला उतरली. आधी टपरीवर गेली, पण कमलताईंना मान वर करायला सवड नव्हती. त्यांनी हातातल्या पकडीनंच तिला शेडकडे जा म्हणून खुणावलं.

वस्ताद एका होडीचं नाव लिहीत होते. शाल्मलीनं सगळी हकीकत सांगितली. फोनचा भाग तिला दोनदा सांगावा लागला, कारण अमीनाचाची उशिरा आल्या. नोकरी लागली म्हटल्यावर चाचींनी तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. वस्तादांनी बाकरवडी तोंडात टाकली आणि डोळे मिटून चावत राहिले. त्यांना इतकं खूश तिनं अजून पाहिलं नव्हतं.

बाकरवडी संपल्यावर त्यांनी डोळे उघडले.

“त्यांची पाटी कशी हाय?”

“कुणाची?”

“तुझ्या हापिसाची.”

शाल्मलीला हसू फुटलं. तिनं सांगितलं, की करड्या भिंतीवर करडीच अक्षरं आहेत आणि तीही नखाएवढी. ती त्या फाटकासमोरून तीनदा पुढे गेली होती. शेवटी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं हाताला धरून दारापर्यंत आणून सोडलं, तेव्हा कुठं सापडलं.

वस्ताद हसले नाहीत. त्यांनी ब्रश खाली ठेवला.

“बिचारी माणसं. दारावर असली पाटी लावून तुला शोधायला त्यांना किती तरास पडला असंल.”